बोगदा आणि चावडी

सातबारा हा महाराष्ट्रातला बहुधा सर्वांत उघडा सरकारी कागद असेल. शेजाऱ्याच्या जमिनीचा उतारा पाहायला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. गाव आणि गट नंबर माहीत असला की काम झाले. त्याच उताऱ्यावर एक अक्षर बदलायचे म्हटले तर मात्र सजाचा तलाठी आणि त्याच्यावरचा मंडल अधिकारी यांच्याखेरीज कुणाचा हात तिथे पोचू नये, अशी सगळी व्यवस्था आहे. वाचायला मोकळा आणि लिहायला बंद, या दोन गोष्टी एकाच कागदाबाबत सांभाळायच्या असतात. कागद रुमालात बांधलेला होता तोवर बंदोबस्ताचे काम दप्तराच्या गाठीने आणि कपाटाच्या किल्लीने होत असे. तो संगणकात गेल्यावर त्यातले बरेचसे काम व्हीपीएनवर आले. व्हीपीएन म्हणजे सगळ्यांच्या वापरातल्या महाजालातूनच काढलेली, दोन्ही टोकांना कुलूप असलेली खासगी वाट. तंत्रज्ञ तिला बोगदा म्हणतात. आज मोबाईलवर तिच्या जाहिराती दिसतात त्या स्वतःची ओळख लपवण्यासाठी. सरकारी दप्तरात तिचा उपयोग नेमका उलटा होता. इथे आपण आतले आहोत हे पटवून दिल्याशिवाय दार उघडत नव्हते.

बारामती तालुक्यातली सांगवी हे या वाटेच्या शेवटच्या टोकाचे गाव म्हणून विचारात घेण्यासारखे आहे. (पुण्यात औंधजवळ आहे ती सांगवी वेगळी.) बारामतीहून फलटणला जाताना नीरेच्या काठी हे गाव लागते, नदी ओलांडली की फलटण तालुका आणि सातारा जिल्हा सुरू होतो. माळेगाव साखर कारखान्याच्या निवडणुकीत सांगवी नावाचा स्वतंत्र गट असतो, म्हणजे ऊस, पाणी, सोसायटीचे कर्ज आणि सातबारा यांची गाठ इथे घट्ट बसलेली आहे. अशा गावाच्या चावडीतल्या जुन्या संगणकावर व्हीपीएन चालते की नाही, हा वरवर पाहता दुरुस्ती करणाऱ्या पोराचा प्रश्न. माझे म्हणणे असे की तो दप्तराच्या इतिहासातला जुनाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुष्कळदा थोडे चुकीच्या जागी शोधले गेले. या मुलखात जमिनीच्या नोंदीला वाटेवरच्या चोराने फारसे कधी लुटले नाही. ती बिघडली ती टोकांना, म्हणजे जिथे लेखणी होती तिथे. बोगदा राखतो ती फक्त वाट; आणि संगणक जुना असला तर तीही धडपणे राखत नाही.

याचा पहिला पुरावा शेजारच्याच तालुक्यात मिळतो. मुंबई इलाख्याची जी महसुली पाहणी पुढे साऱ्या दख्खनभर पसरली तिचा पाया इंदापुरात घातला गेला. त्याआधी रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने १८२७ पासून तीनेक वर्षांत पुणे जिल्ह्याची पाहणी केली होती. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यायचा, हे त्याचे सूत्र तेव्हाच्या विलायती अर्थशास्त्रातून आले होते. गणित बिनचूक होते. पण त्यात भरलेले आकडे गावातून, कारकुनांच्या हातून येत होते, आणि ते आकडे खोटे निघाले. कुठे लाच घेऊन जमीन हलकी दाखवली, कुठे हलकी जमीन भारी झाली. सारा डोईजड झाला, शेते पडीक पडली, इंदापुरात माणसे गाव सोडून गेली. कागद पुण्याला पोचण्यात कसलीही अडचण नव्हती. वाटेत त्याला कुणी हात लावला नव्हता. तो निघतानाच बिघडलेला होता. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि त्याच्या जोडीला विंगेट, नॅश हे अधिकारी इंदापुरात आले आणि त्यांनी उत्पन्नाचा हिशेब सोडून जमिनीची प्रत पाहायला सुरुवात केली. शेताला नंबर, बांधावर खुणा, मातीची प्रतवारी, आणि ठरलेला सारा तीस वर्षे वाढणार नाही ही हमी. या पद्धतीचे बळ कुठे होते ते नीट पाहिले पाहिजे. बांधावरची खूण आणि काळी की मुरमाड हे शेजारचा कुणीही शेतकरी डोळ्यांनी तपासू शकत होता. प्रिंगलचे निव्वळ उत्पन्न कुणालाच दिसत नव्हते.

दुसरा पुरावा आजच्या बारामती तालुक्यातच आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि त्यांचा मुख्य रोख धान्यावर वा दागिन्यांवर नव्हता. त्यांना खतपत्रे आणि वह्या हव्या होत्या, जाळायला. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण ज्यात काय लिहिले आहे ते फक्त धन्याला ठाऊक, अशा कागदाविरुद्धचे ते बंड होते. या खतांची गुप्तता उत्तम राखलेली होती, सावकाराच्या पेटीतून ती कधी चोरीला गेली नव्हती, आणि नेमके तेच दुखणे होते. सरकारने नेमलेल्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यातली एक तरतूद आज विस्मरणात गेली आहे: शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, त्याला तो समजावून सांगितला जावा. त्या निबंधकांनी किती प्रामाणिकपणे काम केले हा वेगळा विषय. पण कायद्याने रोगाचे निदान बरोबर केले होते. कागदाला आणखी एक कुलूप घालण्याऐवजी त्याला साक्षीदार दिला.

पुढे १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने आणि स्वातंत्र्यानंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हीच दिशा पक्की केली. मधल्या काळात कुलकर्णी वतने गेली, १९६३ पासून वंशपरंपरागत पाटीलकी गेली, आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दप्तर मोडीत लिहिले जाई त्या घरातून ते पगारी तलाठ्याच्या ताब्यात आले. फेरफाराची आजची रीत त्या संहितेतली आहे. हक्क मिळाला की वर्दी द्यायची, तलाठ्याने फेरफाराच्या नोंदवहीत नोंद धरायची, तिची प्रत चावडीत लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी मुदत ठेवायची, हरकत आलीच तर ती तक्रारीच्या वहीत चढवायची आणि शेवटी मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित किंवा रद्द करायची. एवढे टप्पे पाहून शहरी माणूस वैतागतो. पण यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा म्हणजे नोंद कुणाला तरी दाखवण्याची सक्ती आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यापासून ज्या पट्ट्यात एकरभर जमिनीवर घरे उभी राहिली आणि मोडली, तिथे ही सक्ती चैनीची गोष्ट नव्हती.

संगणक या रीतीत शिरला तो वरून. केंद्राच्या भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. त्याच सुमारास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहाच्या छत्र्या लावून जिल्ह्याची ठिकाणे दिल्लीशी जोडली होती. त्या जोडणीचा वेग आज हास्यास्पद वाटेल, पण ती संपूर्णपणे सरकारची स्वतःची होती. रस्ताच खासगी असल्याने वेगळ्या बोगद्याची गरज नव्हती. नंतर राज्याने स्वतःचे विस्तृत जाळे उभारले. मंत्रालय, विभाग, जिल्हा, तालुका अशी त्याची उतरंड होती, आणि ती तालुक्याला येऊन थांबली. बारामतीच्या तहसील कचेरीपर्यंत सरकारची तार आली. तिथून सांगवीच्या चावडीपर्यंतचे जे थोडेसे अंतर उरले ते टेलिफोनच्या तारेवर, पुढे डेटा कार्डावर, पुढे ज्याच्या त्याच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सोडले गेले. ई-फेरफार प्रणाली आली तेव्हा नोंदी लिहिण्याची बाजू उघड्या महाजालावर मोकळी ठेवण्यासारखी नव्हती हे उघडच आहे. सरकारी जाळ्यातून किंवा व्हीपीएनच्या वाटेने आत जायचे, असा तो रिवाज. म्हणजे महामार्ग सरकारचा आणि शेवटची पाणंद बोगद्याची. आणि त्या बोगद्याचे गावाकडचे तोंड जिथे उघडायचे ते यंत्र बहुतेकदा कचेरीतून उतरलेले, दुसऱ्या-तिसऱ्या हाताचे.

जुन्या यंत्रावर असा बोगदा बसवणे म्हणजे काय असते, हे थोडे तपशिलात सांगितले पाहिजे, कारण या विषयावर बोलणारे बरेच जण तिथे घाई करतात. विंडोज ९५ च्या काळात पीपीटीपी नावाची रीत आली. मायक्रोसॉफ्टने काही हार्डवेअर कंपन्यांना बरोबर घेऊन ती घडवली आणि १९९६ मध्ये विंडोज एनटी ४ सोबत दिली. विंडोज ९५ ला तिच्यासाठी डायल-अप नेटवर्किंगची सुधारित आवृत्ती वेगळी बसवावी लागे, विंडोज ९८ मध्ये ती आतच होती. फोनच्या तारेवरून काम असेल तर दोनदा डायल करायचे: आधी इंटरनेटसाठी, आणि ते लागले की त्याच्यावरून दुसऱ्यांदा बोगद्यासाठी. पहिला कॉल तुटला की दुसरा आपोआप मेला. पुढे एक्सपी आले, त्यात एलटूटीपी आणि आयपीसेक यांची जोडी होती. ती जास्त भक्कम, पण प्रत्येक पाकीट कुलूपबंद करायला प्रोसेसरला गणित करावे लागते, आणि काही शे मेगाहर्ट्‌झच्या यंत्राला ते गणित जड जाते. शिवाय या पाकिटांवर बोगद्याचे जादा वेष्टण चढते. वाटेतल्या एखाद्या उपकरणाला ते वाढलेले आकारमान चालले नाही तर मोठा चमत्कारिक प्रकार होतो. लॉगिनचे छोटे पान झटकन उघडते आणि सातबाऱ्याचे मोठे पान अर्ध्यावर गोठून राहते. चावडीतल्या लोकांच्या भाषेत याला एकच नाव, सर्व्हर डाऊन. खरे तर सर्व्हर जागाच असतो.

आणखी एक अडचण इतकी क्षुल्लक आहे की ती कुणी अहवालात लिहीत नाही. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, वीज नसतानाही तारीख-वेळ चालू ठेवणारा. तो संपला की वीज जाऊन आल्यावर यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाचे ओळखपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असे असते. यंत्राच्या मते ते अजून जन्मलेलेच नसते, म्हणून यंत्र दार नाकारते. दिवसातून दोनदा भारनियमन असलेल्या गावात हा सेल किती महत्त्वाचा, हे सांगायला नको. दहा-वीस रुपयांच्या वस्तूवर गावच्या महसुली दप्तराचा रस्ता अडतो. यावर लोकांनी शोधलेला उपाय साधा होता, इशारा येईल तो बंद करून टाकायचा, ओळखपत्र न तपासता आत जायचे. काम चालते, पण मग आपण कुणाशी बोलतो आहोत हे तपासणारा एकुलता पहारेकरीच घरी पाठवलेला असतो.

कुलपाच्या मजबुतीचीही एक कथा आहे, आणि तिच्यात दोन सरकारांचा हात आहे. अमेरिका बराच काळ मजबूत कुलपांच्या निर्यातीवर बंधन घालत होती, त्यामुळे बाहेरच्या देशांना विकलेल्या विंडोजमध्ये ४० बिटांची किल्ली मिळे. २००० च्या सुरुवातीला ते नियम सैल झाले. इकडे भारतात इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली करताना परवान्यातच अट होती की ४० बिटांपेक्षा मोठी किल्ली वापरायची तर परवानगी घ्यावी. ४० बिट म्हणजे सुमारे एक लाख दहा हजार कोटी किल्ल्या. ऐकायला प्रचंड, पण जानेवारी १९९७ मध्येच कॅलिफोर्नियातल्या एका विद्यार्थ्याने विद्यापीठातले संगणक जोडून असे कुलूप साडेतीन तासांत उघडून दाखवले होते. १९९८ मध्ये ब्रूस श्नायर आणि ‘मज’ या टोपणनावाचा संशोधक यांनी मायक्रोसॉफ्टच्या पीपीटीपीतल्या चुका जाहीर केल्या. त्यानंतर सुधारलेल्या आवृत्तीची ओळख पटवण्याची पद्धतही २०१२ मध्ये मोडली, मग किल्ली १२८ बिटांची असली तरी उपयोग काय. ॲपलने २०१६ मध्ये ती रीत आपल्या यंत्रांतून काढूनच टाकली. तरीही जुन्या यंत्रावर सहज लागणारी रीत तीच होती, म्हणून दुसऱ्या टोकाचा सर्व्हर तिच्यासाठी दार उघडे ठेवत राहिला, तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे. साऱ्या जाळ्याची मजबुती त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या यंत्राच्या ताकदीवर येऊन बसते.

इथे पहिला आक्षेप ठरलेला आहे. मग जुनी यंत्रे फेकून नवी द्या, प्रश्न मिटला. वारणेचे उदाहरण देऊन कुणी असेही म्हणेल की संगणकच नको. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांसाठी वारणा वायर्ड व्हिलेजेस हा मोठा प्रकल्प झाला. ऊस उत्पादकाला आपल्या टनेजचा, खताचा, बिलाचा हिशेब गावातल्या केंद्रावरच्या संगणकात मिळावा, अशी कल्पना. काही वर्षांत ती यंत्रे जुनी झाली, देखभाल परवडेना, आणि मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी २००६-०७ च्या सुमारास काही गावांत साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवले. ते काम उसाच्या हिशेबाला पुरले, कारण तिथे शेतकऱ्याला मुख्यतः वाचायचे होते. जमिनीच्या हक्काची नोंद लिहिण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि नव्या यंत्राचे म्हणाल, तर नवे यंत्र जुने होणे एवढेच त्याचे भविष्य असते. एक्सपी २००१ मध्ये आले आणि ८ एप्रिल २०१४ रोजी त्याचा आधार संपला. तेरा वर्षेही नाहीत. विंगेटने इंदापूरच्या शेतकऱ्याला दिलेली हमी तीस वर्षांची होती. सातबारा तर त्याहून कितीतरी दीर्घ आयुष्याचा. ज्या नोंदीवर नातू भांडणार आहेत तिची राखण दहा-बारा वर्षांत मरणाऱ्या वस्तूकडे सोपवायची असेल, तर ती वस्तू मोडेल हे गृहीत धरूनच व्यवस्था आखली पाहिजे. खरेदीची निविदा हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: म्हणजे बोगदा नकोच का? नको असे मी म्हणत नाही. पासवर्ड उघड्या तारेवरून पाठवणे हा वेडेपणा आहे, आणि लिहिण्याचा सर्व्हर जगाच्या पाठीवरच्या कुणालाही ठोठावता येईल असा ठेवणे त्याहून मोठा. बोगदा ठोठावणाऱ्यांची संख्या कमी करतो, हे त्याचे मोल खरे आहे. प्रश्न त्याच्यावर टाकलेल्या विश्वासाच्या आकाराचा आहे. बोगद्याला यंत्र ओळखता येते, पासवर्ड ओळखता येतो. खुर्चीवर कोण बसले आहे ते दिसत नाही. आपल्याकडे तलाठी कार्यालयात खासगी मदतनीस ठेवायची पद्धत इतकी रुळली आहे की त्याला नावही आहे, झिरो तलाठी. एकेका तलाठ्याकडे दोन-दोन सजे असतात, एका गावी तो बसला की दुसऱ्या गावी कागद याच्या हातात. तलाठी भाऊसाहेबांचा पासवर्ड त्याला तोंडपाठ असतो. या माणसाच्या दृष्टीने व्हीपीएन किती बिटांचे आहे याला काडीचाही अर्थ नाही. त्याला बोगदा फोडायचाच नाही, तो बोगद्याच्या तोंडाशी कामाला आहे. प्रिंगलच्या कारकुनांचा हा थेट वारस. संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार आहे. त्याचा आडोसा घेऊन हस्तलिखित सातबाऱ्याशी न जुळणारे बदल झाल्याच्या तक्रारी येत राहिल्या, त्याही आतल्याच हातांविषयी.

म्हणून या सगळ्या संगणकीकरणातली सर्वांत महत्त्वाची घटना माझ्या मते सर्व्हरच्या खोलीत घडली नाही. हस्तलिखित उतारे टंकताना लाखो चुका झाल्या होत्या: क्षेत्र चुकले, नावे गळली, इतर हक्कातले बोजे भलतीकडे गेले. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. संगणकातला सातबारा गावकऱ्यांसमोर वाचायचा, हस्तलिखिताशी ताडायचा आणि हरकती घ्यायच्या. राज्यातली सुमारे ४४ हजार गावे आणि अडीच कोटींच्या आसपास उतारे, हे काम कोणत्याही कुलपाने झाले नसते. प्रणालीला स्वतःची चूक कळत नव्हती. ती गट नंबर ऐकताच ‘अहो, त्यात आमच्या चुलत्यांचं नाव कुठंय?’ असे विचारणाऱ्या माणसाला कळत होती. पुढच्याच वर्षी, १ मे २०१८ पासून, डिजिटल सही असलेला सातबारा मिळू लागला. सही हा बोगद्यापेक्षा वेगळ्या जातीचा बंदोबस्त आहे. ती वाटेला चिकटत नाही, कागदाला चिकटते. मग तो कागद कोणत्या यंत्रावरून, कोणत्या तारेवरून आला याला महत्त्व उरत नाही. पडताळणी क्रमांक टाकून बँकेचा शाखाधिकारीही तो खरा की खोटा ते पाहू शकतो. अर्थात सहीचा डोंगलही झिरोच्या खिशात जाऊ शकतो. पण तसे झाले तर नोंदीवर नाव भाऊसाहेबांचे राहते आणि जबाब त्यांनाच द्यावा लागतो. बोगद्यात एवढी जबाबदारी कुणाच्याच नावावर चढत नाही.

तिसरा आक्षेप चावडीवरच आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. चावडीत बोलते कोण? ज्याची बागायत मोठी, ज्याचे पॅनेल निवडून आलेले, तो. हक्कसोडपत्रावर सही करायला भावांनी घाई केलेली बहीण, गावकुसाबाहेरचा वतनी जमिनीचा धारक, मुंबईला गिरणीत राबून परत न आलेल्या माणसाची विधवा, यांनी भर चावडीत हरकत घेणे सोपे कधीच नव्हते. उघड वाचनाने सत्य आपोआप बाहेर येते असे मानणे भाबडेपणाचे होईल. यावर माझे उत्तर एवढेच की बंद वाटेने या माणसांना काहीच दिले नव्हते, आणि चावडी रुंद करणे शक्य आहे. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सांगवीचा उतारा हडपसरला दिलेली लेक बघू शकते, फेरफाराची नोटीसही ऑनलाइन वाचू शकते. तिच्यासाठी वाचनाची जागा गावाबाहेर आली, आणि तिथे तिला कुणाची नजर चुकवायची नसते. हे ज्या मोकळ्या महाजालाने केले, त्याच महाजालापासून लपायला आपण बोगदे खणत होतो, हा विरोधाभास मला मोठा बोलका वाटतो. वाचनाची बाजू जितकी उघडी होत गेली तितका लिहिण्याच्या बाजूवरचा पहारा स्वस्त झाला, कारण पाहणारे डोळे वाढले.

सोसायट्यांच्या बाबतीत हा हिशेब आता नव्याने मांडावा लागणार आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी रुपये. म्हणजे विकास सोसायटीचे कर्जखातेही चावडीतल्या दप्तराच्या वाटेने जाणार. नवी यंत्रे, समान सॉफ्टवेअर, वरच्या बँकेशी जोडणी, आणि सात-आठ वर्षांनी तीच यंत्रे जुनी. कर्जखाते सातबाऱ्यासारखे सर्वांना वाचायला देता येत नाही, ते सभासदाचे खासगी आहे, त्यामुळे इथे बंद वाटेचे वजन साहजिकच जास्त. पण निदान सभासदाला तरी आपले खाते सचिवाच्या परवानगीशिवाय दिसते का, हा प्रश्न कोणत्या कंपनीचे व्हीपीएन घ्यायचे यापेक्षा आधी विचारायला हवा. सुप्याच्या बाजारात जळालेल्या वह्यांत अंगठे देणाऱ्यांना तेवढेच हवे होते.

सातबाऱ्याचा एक हिस्सा मात्र दरम्यान बोगद्यातून बाहेर पडला आहे. गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतकरी स्वतः करू लागला. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, आपल्याच फोनवरून, आपल्याच नेटवर्कवरून नोंद पाठवायची. पुढच्या वर्षीच्या सुधारित रीतीत ही नोंद शेतकऱ्याने स्वतः प्रमाणित केलेली म्हणून धरली गेली, चुकली तर ४८ तासांत त्याने स्वतः बदलायची, आणि तलाठ्याने त्यातल्या १० टक्के नोंदी तपासायच्या. ॲप अडते, लोकेशन भलत्याच गटात दाखवते, फोन जुना असला तर उघडतच नाही; या तक्रारी खऱ्या आहेत आणि दर हंगामात होतात. पण सांगवीच्या शिवारात उसाऐवजी दुसरेच पीक लागल्याची खोटी नोंद आता झाली, तर ती कुणाच्या फोनवरून, कोणत्या जागेवरून आणि कोणत्या फोटोसह झाली हे दाखवता येते. चावडीतल्या संगणकावरून होणाऱ्या नोंदीबद्दल एवढे सांगणे अजूनही अवघड आहे.